मारलं कोणी, हे लिहिण्याआधी

तुझं पत्र मिळालं. हरणाच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा मृत्यूचा सिग्नल आला, बर्फ तुडवत जाऊन पाहिलंस, शेजारी लांडग्यांची पावलं दिसली आणि वहीत 'लांडग्यांनी मारलं' अशी नोंद केलीस. नोंद खोड असं म्हणत नाही. पण पेन्सिलनं असू दे.

पावलांवरून तिथे कोण येऊन गेलं एवढंच कळतं. मारलं कोणी, ते कातडीखाली असतं. आधी जखमेवरची लाळ बोळ्यानं टिपून घे, डीएनएसाठी. मग गळ्याची कातडी सोलून बघ. दातांच्या खुणांभोवती रक्त साकळलं असेल तर चावा बसला तेव्हा हरीण जिवंत होतं. मांस फिकट, कोरडं असेल तर आयतं मेलेलं कुणाला तरी सापडलं.

नंतर मांडीचं हाड फोड. मज्जा घट्ट, पांढरट असेल तर जनावराजवळ शिल्लक होती. लाल आणि जेलीसारखी थलथलीत असेल तर संपलं होतं सगळं. अंगावरची चरबी गेल्यावर सर्वांत शेवटी मज्जेतली वापरली जाते. कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, भरलेलं दिसलं म्हणून फसू नकोस. निकस काटक्यांनी पोट भरलेली हरणंही उपाशी मरतात.

आणि हे त्याच दिवशी. माझ्या पहिल्या हिवाळ्यात रविवार म्हणून मी एक सिग्नल सोमवारवर ढकलला. पोचलो तेव्हा केसांचा सडा, अर्धा जबडा आणि इमानेइतबारे टिकटिकणारी कॉलर. 'कारण अज्ञात'. अजून खटकतं.

हिवाळ्याचं मोजमाप तसं सोपं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १ डिसेंबर ते ३० एप्रिल, १८ इंच किंवा जास्त बर्फ असलेल्या दिवसाला एक गुण, पारा शून्य फॅरनहाइट किंवा त्याखाली गेला की आणखी एक. बेरीज ५०च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, १००च्या वर गेली तर अतिकडक. फक्त या बेरजेत तारीख हरवते. डिसेंबरातला बर्फ धष्टपुष्ट मादी सोसते. तोच मार्चअखेर पडून राहिला की घात. चरबी संपलेली, वर बर्फाला कडक पापुद्रा. लांडग्याचा रुंद पंजा त्यावर तरतो, हरणाचा खूर आरपार जातो. आता सांग, रकाना कुठला भरायचा?

कॉलर घालायला पकडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतले मृत्यू मात्र हिशेबात वेगळे ठेव. त्यात आपल्या जाळ्याचाही हात असू शकतो.

खरी गुंतागुंत पाडसांची. उपाशी हिवाळा काढलेल्या मादीचं पाडस वजनानं कमी जन्मतं, लटपटतं, आणि जूनमध्ये काळं अस्वल त्याला उचलतं. तू 'अस्वल' लिहिशील, आणि चूक नसेल. म्हणून आईचं मार्चमधलं वजन मिळालं असेल तर ते त्याच ओळीत, शेजारी टिपून ठेव.

तुझ्या त्या हरणाचं मांडीचं हाड अजून जागेवर असेल तर उद्या उजाडताच जा. हवाबंद पिशवीत घाल आणि थेट फ्रीजरमध्ये टाक. मज्जा वाळली की काहीच सांगत नाही.