कोर्सच्या आधी मुक्काम ठरवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापत नाही. सहा वर्षांपूर्वी बाल कल्याण समितीच्या आदेशाने त्यांनी एक मुलगा सांभाळायला घेतला. आईवडील दोघंही नाहीत, आणि त्याआधी दोन वर्षं तो बालगृहात होता. येत्या डिसेंबरात त्याला १८ पूर्ण होतात. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला ६२ टक्के, गणितात बरे मार्क. पीयूसीला (अकरावी-बारावीला) कॉमर्स घेतलं आणि दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिले. ताईंचे यजमान गवंडीकाम करतात, घर दोन खोल्यांचं आहे, आणि थोरल्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय. त्या लिहितात, "सरकारचे पैसे बंद झाले की त्याला ठेवायचं कसं? गावातला एक जण गोव्यात हॉटेलात लावतो म्हणतो, राहणं-जेवण तिकडंच. हो म्हणू का? का लगेच नोकरी लागेल अशा कुठल्या कोर्सला घालू? थोरला म्हणतो, हा उद्या घरात हिस्सा मागेल. तसं असतं का?"

ताई, नमस्कार.

कोर्सचं सांगतोच, पण आधी हे ठरू दे की पुढच्या जानेवारीत हा मुलगा झोपणार कुठे. कोर्स चुकला तर वर्षभरात बदलता येतो. राहायची जागा गेली की कोर्स सुटतो, नोकरी सुटते, आधार कार्डावरचा पत्ता खोटा ठरतो, आणि मग पुन्हा उभं राहायला फार वर्षं जातात. तुमच्या मुलासाठी कोर्स निवडताना मी पहिल्यांदा हेच बघेन की त्या कोर्सबरोबर मुक्कामाची काय सोय आहे.

म्हणून गोव्याला आत्ता नाही म्हणा. आपल्याकडची पोरं चोर्ल्याच्या घाटाने नाहीतर लोंढ्याहून रेल्वेने कधीपासून गोव्याला जातात, त्यात वावगं काही नाही. पण हॉटेलात मिळणारी खोली कामाला बांधलेली असते. मालकाशी वाजलं किंवा पावसाळ्यात गिऱ्हाईक आटलं की ज्या दिवशी काम जातं त्याच रात्री खोलीही जाते. घरचं पोरगं अशा वेळी बॅग उचलून गावाला येतं, गणपती करतं आणि परत जातं. ज्याला परत यायला दार नाही, तो आज या मित्राकडे, उद्या त्या मित्राकडे करत शेवटी स्टँडवर झोपतो. मुलं बेघर होतात ती अशी, हळूहळू. फुकट राहणं-जेवण ऐकायला बरं वाटतं, पण १८ वर्षांच्या एकट्या मुलाला ते सगळ्यात महाग पडतं.

आता पैशांचं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून पालक कुटुंबाला मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळतात ते १८ पर्यंतच. त्यानंतरच्या काळासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आफ्टर केअरची, म्हणजे १८ नंतरच्या आधाराची तरतूद आहे. समितीच्या आदेशाने २१ पर्यंत आणि अगदीच अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्यमध्ये त्यालाही महिना ४,००० रुपयांचाच दर आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत तर सहा-आठ मुलांनी मिळून राहायची तात्पुरती सोय, शिक्षणासाठी स्टायपेंड, काम लावून देणं, धंद्याला कर्ज मिळवून देणं हे सगळं लिहिलेलं आहे. लिहिलेलं सगळं हातात पडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अडचण अशी की कायद्यातली व्याख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांची आहे. तुमचा मुलगा गेली सहा वर्षं कुटुंबात आहे, तेव्हा त्याचं नाव आपोआप यादीत येईल असं धरून बसू नका. त्याची बालगृहातली दोन वर्षं इथे उपयोगी पडतील. बालगृहात दाखल केल्याचा आदेश आणि तुमच्याकडे सोपवल्याचा आदेश, दोन्हींच्या प्रती शोधून ठेवा. संस्थेतल्या मुलांसाठी नियम असा आहे की मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या सोयीचा आराखडा समितीपुढे जायला हवा. तुम्ही तोच नियम धरून चला. ऑक्टोबरची वाट न पाहता आताच बेळगावच्या जिल्हा बाल संरक्षण युनिटकडे अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, म्हणजे "भाषांतर करून आणा" म्हणून हेलपाटा पडत नाही. पोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या. आणि मुलाला बरोबर न्या. ज्याच्याबद्दल ठरवायचं तोच समोर बसलेला असला की कागद जरा लवकर हलतो.

कागदांवर मी जरा जास्तच बोलतो, सवय आहे. पण या मुलांचं घोडं इथेच अडतं. पहिलं म्हणजे बँक. अल्पवयीन मुलाचं खातं १८ पूर्ण झाले की नव्याने केवायसी आणि त्याची स्वतःची सही होईपर्यंत अडकतं. त्या खात्यात साठलेले पैसे असतील तर नेमके फी भरायच्या दिवशी ते निघत नाहीत. वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात त्याला घेऊन बँकेत जा. तिथे ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागणार, म्हणून आधार आत्ताच बघा. कित्येकांच्या आधारवर अजून बालगृहाचाच पत्ता असतो आणि फोटो आठव्या-नवव्या वर्षाचा. १५ व्या वर्षानंतरचे बोटांचे ठसे दिले नसतील तर तेही द्या. मतदार यादीसाठी १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, तो तुमच्या घरच्या पत्त्यावर करा. पुढे बेळगावात खोली बघताना मतदार ओळखपत्र असलेल्या पोराकडे घरमालक वेगळ्या नजरेने बघतो. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून काढा. त्यावरचा आरडी नंबर स्कॉलरशिपच्या एसएसपी पोर्टलवर लागतो. जात त्याच्या जन्मदात्यांची धरतात, तुमची नाही. तेव्हा त्याच्या वडिलांचा शाळेचा दाखला किंवा जुना कागद कुठे मिळतो का, हे त्याच्या गावात चौकशी करून बघा.

त्या गावात जाणारच आहात तर आणखी एक काम करा. वडिलांच्या नावावर घरजागा किंवा शेत आहे का ते बघा. पंचायतीतला घराचा उतारा आणि शेताची पहाणी (सातबारासारखा उतारा) काढा. मुलगा वडिलांचा वारस आहे, तो तुमच्याकडे वाढला म्हणून तिथला त्याचा हक्क गेला नाही. पडकी भिंत आणि गुंठाभर परसू असलं तरी ते त्याच्या नावावर लागलेलं बरं. चुलत्यांनी परस्पर वारसा लावून घेतला असेल तर भांडत बसू नका, तालुक्याच्या कोर्टात कायदा सेवा समितीकडे जा. १८ पूर्ण व्हायच्या आत गेलात तर मूल म्हणून त्याला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही.

थोरल्याच्या मनातली भीती मात्र काढून टाका. सांभाळायला घेतलेल्या मुलाला पालक कुटुंबाच्या मालमत्तेत वारसाहक्क येत नाही. दत्तक वेगळं आणि हे वेगळं. तुमच्या घरात, जमिनीत तो हिस्सा मागू शकत नाही. हे त्याच्यासमोर नको, पण थोरल्याला आणि येणाऱ्या सुनेच्या माहेरच्यांना स्पष्ट सांगा. बऱ्याच घरांत पोरगं बाहेर पडतं ते पैशाच्या ओढाताणीपेक्षा या न बोललेल्या संशयापायी.

आता कोर्स. पीयूसीचे दोन विषय सोडवून घ्यायला लावा, हल्ली वर्षात एकाहून जास्त वेळा परीक्षा होते, त्यात निघतील. पण पुढचं सगळं त्यावर टांगून ठेवू नका. एसएसएलसीच्या मार्कांवर दोन वाटा मोकळ्या आहेत. एक सरकारी आयटीआय. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, दोन वर्षांचा ट्रेड, फी किरकोळ, आणि नंतर वर्षभर अप्रेंटिसशिप. दुसरी वाट म्हणजे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं जीटीटीसी, सरकारी टूल रूम, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे आणि हत्यारं बनवायला शिकवणारी संस्था. तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, वर चौथं वर्ष कारखान्यात प्रत्यक्ष काम. फी आयटीआयपेक्षा जास्त. शिकवणं इंग्रजीतून आणि आवारात बोलणं कन्नडमधून, म्हणजे मराठी माध्यमातल्या पोराला पहिलं वर्ष जड जाईल.

दोन्हींचं वर्षांचं गणित मांडून बघा. १८ च्या उंबरठ्यावर आत गेलेला मुलगा आयटीआय आणि अप्रेंटिसशिप करून २१ ला हातात पगार घेऊन बाहेर पडतो. जीटीटीसीत तीन वर्षं संपताना २१ होतात आणि चौथ्या वर्षी कारखाना काहीतरी देतोच. आफ्टर केअर मिळाली तर ती साधारण कोर्सबरोबरच संपते, मध्ये खड्डा पडत नाही. तीन वर्षं बीकॉम करून मग बँकेच्या परीक्षा देत बसायचं, हे ज्याच्या पाठीशी घर आहे त्याने करावं. माझं मत विचाराल तर गणित बरं आहे म्हणता, तेव्हा जीटीटीसीला अर्ज करा, आणि त्याच दिवशी आयटीआयचाही भरा. उद्यमबागेत फौंड्री, मशिन शॉप, हायड्रॉलिक्सची कामं आहेत. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर हात बसलेला मुलगा तिथे सहसा रिकामा राहत नाही.

मुक्कामाचं असं करा. पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरची) होस्टेल समाजकल्याण खात्याची आहेत, मागासवर्ग कल्याण खात्याची आहेत. जातीच्या दाखल्याप्रमाणे जिथे बसतो तिथे प्रवेशाबरोबरच अर्ज करा आणि समितीच्या आदेशाची प्रत जोडा. मागासवर्गात बसत असेल आणि होस्टेल नाही मिळालं, तर विद्यासिरी योजनेत दहा महिने दीड-दीड हजार मिळतात, पण त्याचे निकष आहेत ते वाचा. यादी लागेपर्यंत पहिले काही महिने तो घरूनच जाऊ दे. खानापूर-बेळगाव काही लांब नाही, विद्यार्थ्यांचा पास निघतो. थोरल्याचं लग्न झालं की दोन खोल्यांत अडचण होणार हे मला कळतं, म्हणूनच होस्टेलचं आत्ता बोलतोय, लग्नाच्या धामधुमीत नको.

होस्टेल सुट्टीत बंद होतं. दिवाळीत आणि मे महिन्यात त्याचं काय, हे कुठल्याच सरकारी कागदावर नसतं. ते फक्त तुम्ही ठरवू शकता. महिन्याच्या खर्चाचे पैसे नका देऊ, पण गणपतीला, दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचं अंथरूण तुमच्या घरात पडेल, एवढं त्याला तोंडाने सांगा. तो मनातल्या मनात समजून घेईल असं धरू नका. अशी मुलं उलटंच समजतात, १८ झाले की आपण परके.

गावातली पोरं सैन्याचं नाव काढतातच, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. धावतो का तो? धावत असेल तर अग्निवीरची तयारी करू दे, बराकीत मुक्कामाचा प्रश्न नसतो. पण चार वर्षांनी पुढे कायम ठेवतात ते २५ टक्क्यांपर्यंत. बाकीच्यांनी २२-२३ व्या वर्षी पुन्हा खोली शोधायची. हातात ट्रेड असला तर त्याला अर्थ आहे.

महाराष्ट्रात अनाथ मुलांना एक टक्का आरक्षण २०१८ मध्ये लागू झालं, ते कोणी सांगितलं तर तिकडे धावू नका. ते महाराष्ट्राच्या महिला व बालविकास खात्याच्या अनाथ प्रमाणपत्रावर चालतं. महाराष्ट्र दावा सांगतो त्या इकडच्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक कोर्सना सीमाभागाच्या जागा असतात, त्या मराठी मातृभाषा आणि तिथली शाळा दाखवून मिळू शकतात. पण कोल्हापुरात शिकायला गेला आणि बेळगावच्या समितीचा आदेश इथेच राहिला, तर दोन्हीकडचं निम्मं-निम्मं मिळेल. सध्या इथेच राहू दे.

तीन वर्षांनी होस्टेल सुटेल तेव्हा मजगाव, अनगोळ या बाजूला तिघाचौघांत मिळून खोली घ्यायला लावा, उद्यमबाग तिथून जवळ. घरमालक डिपॉझिट मागणार आणि "गाव कुठलं, वडील काय करतात" विचारणार. या दुसऱ्या प्रश्नाला हा मुलगा अडखळतो. भाडेकरारावर साक्षीदार म्हणून तुमच्या यजमानांनी सही केली की ते तिथेच मिटतं. सही म्हणजे कर्जाची हमी नव्हे, पण सही करताना कागद वाचून करू देत. आणि डिपॉझिटसाठी आतापासून त्याच्याच खात्यात महिन्याला थोडेथोडके टाका, स्टायपेंड सुरू झाला की तो स्वतः टाकेल.

या आठवड्यात फक्त दोन कामं करा. समितीचे दोन्ही आदेश शोधा, आणि आधारवरचा पत्ता बघा. आदेश सापडले नाहीत तर बाल संरक्षण युनिटमध्ये नक्कल मागा, किंवा १०९८ वर फोन करून कुठे जायचं ते विचारा. जीटीटीसीत चौकशी झाली की काय म्हणाले ते मला कळवा, फी आणि होस्टेल दोन्हींचं. मुलालाच लिहायला सांगा.