ग्रामीण भागात श्वसनविकाराच्या अभ्यासासाठी दवाखान्याच्या नोंदींतून रुग्ण कसे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याच्या जुनाट आजाराचा) अभ्यास करायचा आहे, ओपीडी रजिस्टरमध्ये 'सीओपीडी' लिहिलेली नावं जेमतेम सापडतात, तर नमुना पुरा कसा करायचा आणि किती वर्षं मागे जायचं. मी यवतमाळ जिल्ह्यात औषध निर्माण अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. माझं उत्तर एवढंच: निदानाचा रकाना सोडा, उपचाराचा रकाना वाचा.

हेच मी पूर्वी एकदा तोंडावर सांगितलं होतं आणि त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून विसरलो नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयाचं पथक आमच्या केंद्रावर आलं होतं, एमडी करणारा एक मुलगा आणि त्याचे सर. मुलगा रजिस्टर घेऊन बसला. बोट सरकत होतं ते फक्त निदानाच्या रकान्यावरून. तिथे काय असतं? 'खोकला', 'एआरआय' (म्हणजे श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग), 'अंगदुखी', 'अशक्तपणा'. रांग व्हरांड्याबाहेर गेलेली असते, डॉक्टर एकच, तो निदान लिहितो ते रकाना भरण्यापुरतं. गोळी मात्र विचार करून लिहितो, कारण ती त्या माणसाच्या पोटात जाणार असते.

दुपारपर्यंत सरांनी ठरवून टाकलं की इथे रुग्ण नाहीत, दुसरं केंद्र बघू. डेरीफायलिन ही श्वासनळ्या मोकळ्या करणारी गोळी. मी म्हणालो, "सर, डेरीफायलिन मला महिनाभर पुरत नाही. रुग्ण नाहीत तर गोळ्या कोण नेतंय?" ते म्हणाले, "गोळ्यांवरून निदान होत नसतं. तुम्ही तुमचा साठा सांभाळा." सगळ्या स्टाफसमोर.

अहो, निदान करा असं मी म्हणालोच नव्हतो. कोणाची तपासणी करायची ते शोधा, एवढंच म्हणत होतो. शोधणं वेगळं आणि निदान वेगळं, हा फरक शिकवणाऱ्या माणसाला कळू नये याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं. याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचं आणि त्यावर औषध द्यायचं काम गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना शिकवलं, मृत्यू कमी करून दाखवले आणि ते १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आणि इथे औषधाच्या खिडकीत बसलेल्या माणसाने तोंड उघडायचं नाही.

मुलगा समजदार निघाला. आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमची रीतसर परवानगी घेऊन तो परत आला आणि आम्ही रजिस्टर नव्याने काढलं. नियम साधा ठेवला. एटोफायलिन-थिओफायलिन (म्हणजे डेरीफायलिनच) किंवा साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध) ज्याला वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा पुन्हा दिलंय किंवा ज्याला नेब्युलायझर (औषधाचा फवारा श्वासातून देणारं यंत्र) लावलाय, तो यादीत. एकदाच आलेला सोडायचा, त्याचा खोकला हवा बदलल्याचाही असू शकतो.

खरी मेहनत नावांची. एक बाई होत्या. दिवाळीनंतरच्या पानावर नवऱ्याच्या पूर्ण नावासकट, उन्हाळ्यात नुसतं पहिलं नाव आणि पुढे 'बाई', वय एकदा ५० तर एकदा ६२, गाव एका ठिकाणी खुर्द, दुसऱ्या ठिकाणी बुद्रुक. निदान 'खोकला', मग 'अंगदुखी', मग 'ताप'. पण शेवटच्या रकान्यात दर वेळी तेच, 'डेरी १-०-१', म्हणजे डेरीफायलिन सकाळी एक, रात्री एक. कागदावर या तीन वेगळ्या बाया होत्या. ही एकच बाई आहे हे मला माहीत होतं, कारण त्या माझ्या खिडकीचा गज धरून उभ्या राहायच्या, आधी दम घ्यायच्या आणि मग चिठ्ठी आत सरकवायच्या. "चार पावलं चाललं का दम भरते, भाऊ," हे त्यांचं नेहमीचं. बिडीला कधी हात लावला नाही. जन्मभर चुलीत पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि गोवऱ्या घातल्या, त्याही बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात.

आणि पथकाचा निकष काय होता? '४० वर्षांवरील, धूम्रपान करणारे.' म्हणजे या बाई पहिल्याच चाळणीत बाहेर. जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत काम केलेली, पण बिडी न ओढणारी माणसंही बाहेर. पऱ्हाटीचा कापूस वेचणाऱ्या मुलखात असा निकष घेऊन येणं मला चूकच वाटतं. मुलाने नीतिशास्त्र समितीकडे दुरुस्ती पाठवली, ती मंजूर झाली. त्या बाईंची स्पायरोमेट्री (यंत्रात जोरात फुंकायला लावून केलेली फुप्फुसाची तपासणी) झाली तेव्हा औषध देऊनही पहिल्या सेकंदात सोडलेल्या हवेचं एकूण सोडलेल्या हवेशी गुणोत्तर ०.७० च्या खालीच आलं, म्हणजे श्वासनळ्या अरुंदच. सरांनी कागदावर सही केली, मला एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्या कामाचं सांगतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक माणूस एका डॉक्टरकडे नोंदलेला असतो, २००४ पासून तिथल्या दवाखान्यांत दमा आणि सीओपीडीच्या वेगळ्या याद्या ठेवल्या जातात, संगणकात संकेतांक आणि औषध टाकलं की नावं निघतात. तिथली पद्धत प्रस्तावात जशीच्या तशी उतरवू नका, आपल्याकडे पुरणार नाही. रजिस्टरच्या जोडीला आशाताईंनी भरलेले सीबॅक फॉर्म (असंसर्गजन्य आजारांचा धोका पाहण्याचे) काढा. तिशीपुढच्या प्रत्येकाचा असतो आणि स्वयंपाकाला कोणतं जळण वापरता हे त्यात विचारलेलं असतं. क्षयाचे उपचार पूर्ण झालेल्यांची यादी बघा; क्षय बरा झाला तरी फुप्फुस अधू राहिलेले पुष्कळ असतात. मागे किती जायचं, तर किमान दोन हिवाळे येतील इतकं. नमुन्याचं गणित तुमच्या सांख्यिकी विभागाकडून करून घ्या.

यादीतल्या प्रत्येकाला सीओपीडी असेल असं मात्र धरून चालू नका. आमच्याही यादीत दमा निघाला, हृदयाचे रुग्ण निघाले, नुसत्या रक्तक्षयाने धाप लागणाऱ्या बायाही निघाल्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासा, फुंकायला लावणं नंतर. थुंकीतून रक्त पडतंय किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, त्यांना फुंकायला लावूच नका. साल्ब्युटामॉल दिल्यावर १५ मिनिटं थांबायचं असतं, बाजाराच्या दिवशी कोणी थांबत नाही, तेव्हा तो दिवस टाळा.

आणखी एक, रजिस्टरचे मोबाईलवर फोटो काढू नका. त्याच पानावर दुसऱ्या कोणाचा क्षय असतो, कोणाचा गर्भपात असतो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आणि समितीची मंजुरी हातात असली तरी यादी केंद्राच्याच माणसाने करावी, आशाताईंनी आधी घरी जाऊन विचारावं आणि हो म्हणेल त्याचंच नाव तुमच्याकडे यावं. त्या दिवसाची आशाताईंची मजुरी बुडते, ती बजेटमध्ये धरा. आणि शोधनिबंध छापून येईल तेव्हा यादी कोणी केली ते त्याच्या हुद्द्यासकट लिहा. आमच्या वेळी 'केंद्रातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य' एवढ्यावर भागवलं होतं.