मोहाखाली माईक

प्रश्न : ताई, कोस्टारिकाच्या वर्षावनाचं तासाभराहून लांब ध्वनिमुद्रण ऐकलं. नुसता पाऊस, किडे, बेडूक. कोण ओरडतंय ते कुणी सांगत नाही. याला कला का म्हणायचं? आमच्या बोडीवर (गावच्या लहान तळ्यावर) मी मोबाइल लावून पाहिला, तर बेडकांचा नुसता फुसका आवाज आला.
– एक शिक्षक, ता. अर्जुनी मोरगाव

उत्तर : गुरुजी, तुम्ही ऐकलंत ते बहुधा स्पेनचा ध्वनिकलावंत फ्रान्सिस्को लोपेझचं १९९८ सालचं ‘ला सेल्वा’. लोपेझ जीवशास्त्र शिकलेला, तरी ‘हा कुठला बेडूक’ हा प्रश्न बाजूला ठेवा म्हणतो. पानांवरचा पाऊसही त्याला बेडकाइतकाच मोलाचा. मैफलीत तो श्रोत्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला लावतो! माईक कुठे ठेवायचा, कुठल्या वेळी, कुठे कापायचं, हे माणूसच ठरवतो ना? मग कला झालीच. फक्त मागे बासरी जोडू नका जी, माझं डोकंच फिरतं.

जंगलांचे आवाज मुद्रित करणारे अमेरिकेचे बर्नी क्राउझ म्हणतात, जुन्या जंगलात जो तो प्राणी सुराची आपापली पट्टी धरून ओरडतो, म्हणून कुणाचा आवाज कुणाखाली दबत नाही. मोबाइल घोळ करतो तो इथेच. तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला. सतत चालणारी किरकिर त्याला कचरा वाटते, रातकिडे तो पुसून टाकतो. शांत असलं की आवाज आपोआप चढवतो, टिटवी ओरडली की पाडतो. हे बंद करता येईल असं ॲप घ्या. ॲपच्या सेटिंगमध्ये वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ निवडा; एमपीथ्री नको, ती फाइल लहान करायला आवाजातले बारकावे गाळते. माईकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी. आणि सुरू करून तिथून निघून जा, काठावर माणूस उभा असला की बेडूक गप्पच बसतात.

पण बोडीच कशाला? आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. वाळल्या पाल्यावर फूल पडतं तो आवाज वेगळा, बायांनी झाडून ठेवलेल्या जमिनीवर पडतं तो वेगळा. दोन्ही घ्या. वर्षावनात सगळं रान एकदम पानं टाकत नाही, ही चैन आपल्या पानगळीच्या जंगलाचीच. वेचणाऱ्या बायांचं बोलणं आलं तर कापू नका, असं मला वाटतं. लोपेझ कदाचित कापेल.

राखीव जंगल असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढा. ध्वनिमुद्रणाचं यंत्र आदल्या संध्याकाळीच झाडाला बांधा आणि पहाटे एकटे जाऊ नका. मोह अस्वलालाही आवडतो.