जनरल मोटर्सच्या एलएस१ व्ही८ इंजिनवर त्याच्याच सुधारलेल्या आवृत्तीचा, एलएस६चा, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) बसवतोय. मागचा कूलंट पाइप आड येतो. कूलंट पाइपांची चारही तोंडं बंद करून टाकू का?

चारही नाही. मागची दोन बंद करा. पुढची दोन कधीच नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९९ची कॅमॅरो झेड२८ आहे, एलएस६चा मॅनिफोल्ड जुन्यात मिळाला, ठेवून पाहिला तर मागच्या बाजूला पाइपावर टेकतो. आणि मित्र म्हणतो, "ते वाफेचे पाइप बिनकामाचे, सगळीकडे डमी (बंद झाकण) मार." मित्राचं मानू नका.

टेकतो याचं कारण साधं आहे. एलएस६ २००१च्या कॉर्व्हेट झेड०६मध्ये आलं, तेव्हा मॅनिफोल्डच्या आत हवेला जास्त जागा मिळावी म्हणून त्याचा तळ खाली आणला. तुमच्या जुन्या एलएस१मध्ये दोन्ही हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या भागांच्या) पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यांतून, म्हणजे एकूण चार ठिकाणांहून, बारीक पाइप निघतात. त्यातला मागचा नेमका त्या खाली आलेल्या तळाच्या वाटेत येतो. जनरल मोटर्सने स्वतःच त्या सुमाराला मागची दोन भोकं डमीने बंद केली आणि फक्त पुढचा आडवा पाइप ठेवला. तुम्हाला तेच करायचंय, वेगळा शोध लावायची गरज नाही.

आता पुढची का उघडी हवीत ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. जुन्या शेवरोले व्ही८मध्ये हेडमधलं पाणी मॅनिफोल्डमधून जायचं आणि थर्मोस्टॅट त्याच्याच तोंडाशी, वरती असायचा. एलएस१चा मॅनिफोल्ड कोरडा आहे. त्यातून पाण्याचा थेंब जात नाही. थर्मोस्टॅट पाण्याच्या पंपावर, आत येणाऱ्या बाजूला आहे. मग हेडच्या वरच्या कोपऱ्यात साठलेली हवा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीच्या तापलेल्या धातूला लागून उठणारी वाफ जाणार कुठे? तिची वाट म्हणजे तो बारीक पाइप. पुढच्या पाइपातून ती थ्रॉटल बॉडीत (हवा कमी-जास्त सोडणारी पाकळी असते त्या भागात) जाते आणि तिथून पुढे रेडिएटरकडे. थ्रॉटल बॉडी गरम ठेवणं हे त्या पाण्याचं जोडकाम, मुख्य काम हवा बाहेर काढणं. आमच्याकडे साताऱ्यात डिझेलच्या लाइनला "एअर धरली" म्हणतात ना, तसंच हे. फक्त इथे एअर धरली तर इंजिन बंद पडत नाही, ते आतल्या आत भाजतं.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. तेच एलएस१ इंजिन असलेल्या माझ्या २०००च्या ट्रान्स ॲमवर मी एकदा चारही तोंडं बंद केली होती. सिग्नलला उभं राहिलं की हीटरमधून गार हवा यायची, गाडी हलली की गरम. डॅशबोर्डच्या मागे तांब्यातून पाणी ओततोय असा गुडगुड आवाज. तापमानाचा काटा वर उडी मारायचा आणि लगेच खाली यायचा. मी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरची कॅप बदलली, काही फरक नाही. तापमानाचा सेन्सर डाव्या हेडमध्ये पुढे असतो. त्याच्याभोवती पाण्याऐवजी वाफ असली तर तो खरं सांगणार तरी कसं? पुढचा पाइप परत जोडला, पाणी भरलं, आणि सगळ्या तक्रारी त्याच संध्याकाळी थांबल्या.

म्हणून पाइप २००१ नंतरच्या गाडीचा घ्या, फक्त पुढचे दोन कोपरे जोडणारा. जुनाच पुढचा पाइप ठेवून त्याच्या मागे जाणाऱ्या तोंडाला रबरी टोपी आणि क्लिप लावणारे आहेत, पण मॅनिफोल्डखाली कायम तापणाऱ्या जागी मी रबरी टोपी ठेवणार नाही. फाटली तर सगळं पुन्हा उघडावं लागेल.

मागच्या डमीसाठी सील नवीनच घ्या. हे मी हात जोडून सांगतो. कॅमॅरोचं इंजिन निम्मं काउलच्या (पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या) खाली असतं, मागचे बोल्ट दिसत नाहीत, बोटांनी चाचपून लावावे लागतात, आणि मग वाटतं, जुनं सील बरं दिसतंय, तेच चालवू. मी चालवलं. तीन आठवड्यांनी गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाशी, बेल हाउसिंगच्या खालून थेंब पडायला लागला. मला वाटलं मागचं ऑइल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवायची तयारी केली होती. नशिबाने त्याआधी बोट लावून उजेडात धरलं: नारिंगी, पातळ, गोडसर वासाचं. डेक्सकूल, म्हणजे गाडीचं कूलंट. हेडच्या मागून ब्लॉकवरून ओघळत तिथे येत होतं.

बोल्ट अंदाजाने आवळू नका. पाइप आणि डमीचे बोल्ट १२ न्यूटन-मीटर. मॅनिफोल्डचे दहा बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आधी सगळे ५, मग सगळे १०. मॅनिफोल्ड नायलॉनचा आहे, लोखंडाच्या सवयीने जोर लावला तर चिरतो.

उघडण्याआधी रेडिएटरच्या ड्रेन कॉकमधून पाणी खाली घ्या, आणि मॅनिफोल्ड निघाला की हेडच्या हवेच्या आठही तोंडांत स्वच्छ फडकी कोंबा. निघालेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. मॅनिफोल्ड निघालाच आहे तर त्याच्याखालचे दोन नॉक सेन्सर (इंजिनातली ठोक ओळखणारे) बघून घ्या. मागच्याच्या खड्ड्यात पाणी साचून तो गंजलेला असतो, फार वेळा पाहिलंय.

थ्रॉटल बॉडी वगळून पुढच्या पाइपाची होज थेट रेडिएटरच्या होजला जोडायची असेल तर ते चालतं, कारण हवेची वाट मोकळी राहते. मी मिशिगनमध्ये राहतो आणि होज थ्रॉटल बॉडीला जोडलेलीच ठेवलीय. शून्याच्या आसपासच्या दमट हवेत पाकळीवर बर्फ धरू नये म्हणून ती सोय आहे आणि काढून ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. ईजीआरचं (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं) मात्र डोक्यात ठेवा: तुमच्या गाडीला तो आहे, एलएस६च्या मॅनिफोल्डला त्याची जागा नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीवरून तो काढणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बसत नाही.

भरताना गाडीचं नाक उंच करा. डेक्सकूल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, म्हणजे उणे ३७ सेल्सिअसपर्यंत गोठणार नाही. हीटर पूर्ण गरमवर, सावकाश ओता. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना पातळी पुन्हा पाहा, थोडी उतरलेली असेल.

आणि नवा मॅनिफोल्ड ठेवायच्या आधी आरसा आणि टॉर्च घेऊन मागच्या दोन्ही डमींचा फोटो काढा. सील एका बाजूला दुमडलं असेल तर ते तेव्हाच दिसेल.