गच्चीवरची भाजी : तुमचे प्रश्न

प्रश्न : इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दुधीचा वेल लावलाय. मांडवभर पसरलाय, फुलंही भरपूर, पण फळ धरत नाही. बोटाएवढा दुधी दिसतो आणि दोन दिवसांत पिवळा पडून गळतो. खत वाढवू का?

उत्तर : ताई, खत अजिबात वाढवू नका. वेल जोमात आहे, फुलं येतायत म्हणजे पोषण कमी पडत नाहीये, उलट आता अजून शेणखत नाहीतर युरिया घातला तर नुसता पालाच वाढेल. कमी पडतंय ते परागीभवन. दुधीला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, नर फूल लांब बारीक देठावर असतं आणि मादी फुलाच्या खाली तो लवदार छोटा दुधी आधीपासूनच असतो, पराग मिळाला तर तो वाढतो आणि नाही मिळाला तर गळतो, तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. सुरुवातीला तर बरेच दिवस फक्त नर फुलंच येतात, तेवढ्यावरून वेल वांझ आहे म्हणून उपटून टाकणारे लोक मी बघितलेत आणि फार जीव हळहळतो.

आता मुख्य गोष्ट. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की कोमेजतं, आपण गच्चीवर जातो सकाळी, तोपर्यंत खेळ संपलेला असतो. शेतात हे काम रात्री फिरणारे पतंग करतात, शहरात उंचावरच्या गच्चीवर ते फारसे येत नाहीत, मग आपणच करायचं. दिवेलागणीला वर जा, ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा, तिथे तीन फुगीर भाग दिसतील, तिन्हींना पिवळी पूड लागली पाहिजे. एका नर फुलात दोन मादी फुलांचं काम होतं. पाऊस चालू असेल तर त्या दिवशी नाद सोडा, भिजलेला पराग कामाचा नाही. धरलं असेल तर दोन-तीन दिवसांत दुधी फुगायला लागतो आणि देठ जाड होतो. पुढे साधारण दोन आठवड्यांत, नख सहज रुतेल इतका कोवळा असतानाच काढा.

अजून एक, मुख्य वेलाचा शेंडा खुडून टाका. दुधीला मादी फुलं जास्त करून बाजूच्या फांद्यांवर येतात. आणि दोडकाही संध्याकाळीच फुलतो, पण कारलं आणि लाल भोपळा सकाळी, त्यांच्यासाठी सकाळीच जायचं.

प्रश्न : गंगापूर रोडला फ्लॅट आहे, गॅलरी पूर्वेला, ऊन सकाळी साडेदहापर्यंतच. टोमॅटो लावायचेत. नाशिकमध्ये एवढा टोमॅटो पिकतो मग आमच्याकडे का नाही येणार?

उत्तर : दादा, पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला येणारा टोमॅटो उघड्या रानात दिवसभर ऊन घेऊन तयार होतो. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज निदान सहा तास थेट ऊन हवं, तुमच्याकडे तीन-चारच आहे, झाड उंच होईल पण फळ नावाला. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करून शिकावं म्हणून 'प्रयोग परिवार' चालवणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर द्राक्षवाल्यांना पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब शिकवायचे, कुंडीलाही तोच हिशोब लागू आहे, आधी ऊन बघायचं आणि मग बी आणायचं.

तुमच्या गॅलरीत पालेभाजी मस्त होईल, आणि त्यासाठी आपल्या नाशिकच्या थंडीसारखं हवामान नाही. ऑक्टोबरची उष्णता ओसरली की सहा इंच खोल टबमध्ये मेथी पेरा, महिनाभरात खायला येते. पालक मुळासकट उपटू नका, बाहेरची पानं कापत राहा, परत परत फुटतो. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवून पेरा, उगवायला आठवडा-दहा दिवस लागतात तेवढा धीर धरा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, तेव्हा गॅलरीत ऊन कुठल्या कोपऱ्यात जास्त वेळ टिकतं ते बघून टब हलवा.

प्रश्न : सोसायटीवाले म्हणतात कुंड्यांनी स्लॅब खराब होईल. खरंय का?

उत्तर : त्यांची काळजी चुकीची नाहीये, पण उपाय आहे. १५ इंची मोठी ग्रो बॅग नुसत्या मातीने भरली आणि पाणी घातलं की ६० किलोच्या वर जाते. म्हणून माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समान घ्या, वजन बरंच कमी होतं. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की ६०-७० लिटर तरी होते, फक्त एकदा धुऊन घ्या म्हणजे त्यातले क्षार निघतात. बॅगा गच्चीच्या मधोमध न मांडता खालच्या बीमच्या रेषेत किंवा कठड्याच्या कडेने ठेवा, खाली विटा द्या म्हणजे पाणी साचत नाही आणि झाडायलाही जागा राहते. स्लॅबचं खरं नुकसान साचलेल्या पाण्याने होतं, त्यामुळे वॉटरप्रूफिंग आधी तपासून घ्या. विटांचे कायमचे वाफे बांधायचे असतील तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय हात घालू नका, आणि त्याने काय सांगितलं ते लेखी घेऊन सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठेवा.