मराठवाड्यात कॅनू बांधायची तर मे महिना सोडा

परभणीत घरामागे पत्र्याची शेड आहे, मेच्या सुट्टीत सीडरच्या (परदेशातलं हलकं लाकूड) पट्ट्यांची १६ फुटी कॅनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, बांधायला घ्यायची आहे, सीडरच्या जागी वखारीतला देवदार चालेल का, आणि तयार झाल्यावर ती येलदरी धरणाच्या पाण्यात न्यायची आहे, असं तुम्ही लिहिलंत. देवदाराकडे येतोच, पण आधी मे महिना मनातून काढून टाका. दिवाळीनंतर पट्ट्या फाडायला घ्या आणि होळीपर्यंत आतबाहेरचं फायबर उरका. आपल्या भागात हे काम सुतारकीपेक्षा हवेवर जास्त ठरतं. कॅनडा-अमेरिकेतली मंडळी व्हिडिओत शेड गरम कशी ठेवायची ते दाखवतात. आपली अडचण नेमकी उलटी.

बांधणी अशी असते. दोन सूत जाड आणि सहा सूत रुंद पट्ट्या साच्यांवर एकमेकींना चिकटवत जायच्या, मग बाहेरून आणि आतून काचेचं विणलेलं कापड इपॉक्सीत, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, भिजवून चढवायचं. यालाच आपण फायबर म्हणतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये शर्यतीच्या कॅनू बांधणाऱ्यांनी ही पद्धत रुळवली. हिच्यात आतून फासळ्या नसतात. ताकद दोन्ही बाजूंच्या फायबरची. लाकडाचं काम त्या दोन थरांना एकमेकांपासून लांब धरून ठेवणं. म्हणून पैसे वाचवायला आतलं कापड गाळू नका. खालून दगड लागला की ताण आतल्या बाजूवर येतो आणि तिथे उघडं लाकूड असेल तर ते तडकतं.

यावरून लाकडाचं उत्तर निघतं. ते हलकं, सरळ रेषांचं आणि नीट वाळलेलं हवं, सीडरच पाहिजे असं नाही. १६ फुटी होडीच्या अंगाला साधारण सव्वा घनफूट लाकूड बसतं. कॅनडाच्या लाल सीडरचं ते १३ किलोच्या आसपास भरतं, आपल्याकडच्या शिवण झाडाच्या लाकडाचं १७, सागवानाचं २३. म्हणजे सीडर मागवण्याचा सगळा खटाटोप फार तर चार किलोंसाठी. एवढ्यासाठी मी तरी बंदरातून लाकूड आणणार नाही. सागवानाचे दहा किलो मात्र होडी एकट्याने खांद्यावर घेताना कळतात. किनवटचं सागवान कितीही देखणं असलं तरी ते अंगाला न वापरता काठांना वापरा.

वखारीत देवदार म्हणून मिळणारी फळी हिमालयातलीच असेल याची खात्री नसते. खरा देवदार असला तर तो शिवणीपेक्षा जड आणि तेलकट. अॅसिटोनने पुसल्याशिवाय त्यावर रेझिन नीट धरत नाही. माझी पहिली पसंती शिवण. ती वाळली की फारशी पिळत नाही, वाद्यांना वापरतात ती यासाठीच. विदर्भातून येते, थोडी वाट पाहावी लागते, पावती आणि वाहतूक पास बघून घ्या. ती नाहीच मिळाली तर वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास परदेशी खोक्यांचं पाइन मिळतं. त्यावर ‘एचटी’ (उष्णता देऊन कीड मारलेलं) शिक्का असेल ते घ्या, ‘एमबी’ असेल ते विषारी वायूची धुरी दिलेलं असतं, त्याचा भुसा नाकात नको. खिळे चुंबकाने शोधून काढा, नाहीतर आरा मशीनवाला दारातूनच परत पाठवेल. सावर आणि पांगारा हलके म्हणून कुणी सुचवेल. भुंगा लागतो, सोडून द्या.

करवतीचा भुसा आणि गाठी धरून तीन घनफूट घ्या. आपल्याकडे १७ फुटांची फळी मिळत नाही, आठ-दहा फुटांवर भागवावं लागतं. दोन पट्ट्यांची टोकं दोन इंचांच्या उतारावर घासून तिरका सांधा करा, म्हणजे जाडीच्या आठपट. शेजारशेजारचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नका. पट्ट्यांच्या एका कडेला खोबण आणि दुसरीला गोलाई पाडायची ती परदेशी पद्धत मी वापरत नाही. आपल्या कोरड्या हवेत खोबणीच्या पातळ कडा हाताळतानाच तुटतात. प्रत्येक पट्टीची कड छोट्या रंध्याने मारून शेजारणीला बसवायची. वेळ लागतो, पण गावातला कुठलाही जुना सुतार हे काम बघून लगेच हाताखाली घेतो.

साच्यांचं फार सांगत नाही. १२ मिमी प्लाय, फुटाफुटावर एक, कडांना पॅकिंगची चिकटपट्टी म्हणजे फेव्हिकॉल धरणार नाही. खालचा कणा लाकडी करू नका, लोखंडी चौकोनी पाइप वेल्डिंगवाल्याकडून सरळ करून आणा. दोरी, ओळंबा आणि पाण्याची नळी एवढ्यावर ओळ लागते. पट्ट्या साच्याला दाबून धरायला स्टेपलऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चालतात, भोकं राहत नाहीत. पट्ट्यांमध्ये वॉटरप्रूफ फेव्हिकॉल.

आता हवा. मेमध्ये आपल्याकडचं लाकूड पाच-सहा टक्के ओलाव्यापर्यंत वाळतं, श्रावणात तेच चौदा-पंधरावर जातं. पट्ट्यांचा एकूण घेर सव्वा मीटरच्या आसपास, त्यात या फरकाने सेंटिमीटरभर फुगणं-आकसणं सहज होतं. मेमध्ये जोडलेली उघडी होडी पावसाळ्यात साच्यांवर फुगून लाटा धरते; पावसाळ्यात जोडलेली पुढच्या उन्हाळ्यात फटी दाखवते. म्हणून सगळं एकाच कोरड्या हंगामात, आणि पट्ट्या जोडून झाल्या की फायबर लांबवायचं नाही. एक जागा विशेष फसवी आहे. बाहेरचं फायबर झालं, होडी साच्यांवरून उचलून उलटवली आणि आतली बाजू महिनाभर तशीच ठेवली, तर आतलं लाकूड वाळून आकसतं, बाहेरचं रेझिनखाली अडकलेलं असतं, आणि दोन्ही बाजू आत ओढल्या जातात. उलटवल्याबरोबर काठांमध्ये आडवे बत्ते ठोका, आणि आतला थर आठवडाभरात द्या.

रेझिन इपॉक्सीच घ्या. फायबरच्या दुकानात टाक्या-पत्र्यांसाठीचं पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण ते आकसतं आणि लाकडाला मनापासून धरत नाही. कापड २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, विणलेलं. सुट्या तुकड्यांची मॅट गळ्यात मारू देऊ नका. तिला बांधणारी पावडर पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत ती ताठच राहते. दहा-बारा लिटर माल धरून चला. खर्चात लाकडापेक्षा हाच आकडा मोठा निघेल.

इपॉक्सीचा नियम असा की तापमान दहा अंशांनी चढलं की ती साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते. २५ अंशांना जे मिश्रण अर्धा तास हाती राहतं, ते ४० अंशांच्या शेडमध्ये दहा मिनिटांत मगमध्येच धुमसायला लागतं. हार्डनर कमी घालून वेळ वाढत नाही, कच्चं राहतं. प्रमाण वजनकाट्यावर घ्या, हार्डनर संथ प्रकारचा घ्या, एका वेळी १५०-२०० मिलि कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. मगमध्ये साठून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने पेटतं.

आणि थर नेहमी उतरत्या तापमानावर द्यायचा. लाकडात हवा असते. सकाळी थर दिलात तर पत्रा तापेल तशी ती हवा फुगेल आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर येईल, शेकड्याने. दुपारी चार-साडेचारनंतर सुरू केलंत तर लाकूड थंड होताना रेझिन उलट आत ओढून घेतं. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा याला उत्तम. डिसेंबर-जानेवारीत परभणीची रात्र दहाच्याही खाली जाते, तेव्हा रेझिन मधासारखं दाट होतं आणि कापड भिजत नाही. पत्र्यावर आठवडाभर आधी तुराट्या नाहीतर कडबा टाका, शेडमधला चढउतार बराच कमी होतो. धुळीसाठी सडा सकाळीच मारा, संध्याकाळची ओल नको. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणचट थर जाणवला तर घासण्याआधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा. तसाच काचकागद मारलात तर तो थर आत रगडला जातो आणि पुढचा हात सोलून निघतो.

वरून यूव्ही रोखणाऱ्या व्हार्निशचे तीन हात हवेतच. आपल्या उन्हात नुसती इपॉक्सी वर्षा-दोन वर्षांत पांढरी पडून भुगा होते. बाकी शोभा तुमच्या आवडीची. बसायच्या चौकटीला मी बाजेची नवार विणून घेतली, विकतच्या वेताच्या जाळीपेक्षा टिकाऊ आहे.

येलदरीत उतरण्याआधी जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारा आणि तिथल्या मासेमारांशी बोला. जाळी कुठे लावलेली असतात आणि पाण्याखाली झाडांची खोडं कुठे आहेत ते त्यांनाच माहीत. जायकवाडीच्या नाथसागराचा विचार असेल तर ते पक्षी अभयारण्य आहे, वन विभागाची परवानगी वेगळी लागते, आणि तिथला वारा रिकाम्या कॅनूला वाटेल तिकडे फिरवतो. लाइफ जॅकेट घालूनच बसा, पोहता येत असलं तरी.

दिवाळीला अवकाश आहे तोवर दोन फुटांचा नमुना करा: सहा-सात पट्ट्या, दोन्ही बाजूंना कापड, आणि तो महिनाभर गच्चीवर उन्हात टाका. आणि शेडची आतली लांबी कळवा. २० फुटांपेक्षा कमी असेल तर रंधा धरून दोन्ही टोकांना उभं राहता येणार नाही, मग १४ फुटी आराखडाच बघावा लागेल.