रकान्यातला धर्म

प्रश्न : अमेरिकेत चर्च ओस पडत चालली म्हणतात. राजकारणामुळे का? आमच्या मंडळीतही काही तरुण म्हणतात, ‘येशूला मानतो, पण जनगणनेत ख्रिस्ती लिहायचं नाही.’ तसं चालतं का? आम्ही भिल्ल, दाखल्याला अडचण येईल?
– एक वाचक, नवापूर

उत्तर : ओस पडली म्हणणं जास्तच होईल. अमेरिकेची जनगणना धर्म विचारतच नाही, त्यामुळे आकडे पाहण्यांतले. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत 2007 मध्ये 78 टक्के लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत, 2023-24 मध्ये 62. ‘कोणताच धर्म नाही’ म्हणणारे 16 वरून 29 टक्क्यांवर गेले. 2019 नंतर मात्र ही घसरण थबकल्यासारखी दिसते.

राजकारण हे त्यातलं एक कारण. 1979 मध्ये जेरी फॉलवेल या पास्टरांनी ‘मोरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना उभी केली आणि हळूहळू ‘ख्रिस्ती’ शब्दाला एका पक्षाचा रंग चढला. हाउट आणि फिशर या समाजशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवलं, की नव्वदच्या दशकात ‘धर्म नाही’ म्हणणारे वाढले ते मध्यममार्गी आणि उदारमतवादी लोकांत. त्यातले बरेच देव मानतच होते. श्रद्धा तीच, पाटी तेवढी उतरवली. (धर्माविना वाढलेल्या मुलांची संख्या वाढली, हेही कारण आहेच.)

तुमच्या तरुणांसारखेच अर्जदार मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. येशूवर विश्वास, पण राजपत्रात नोंद हवी ‘धर्म नाही’ अशी. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला. 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की कोणताच धर्म मानत नाही असं म्हणण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्येच आहे. सरकार धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही.

जनगणनेत चूक होते ती दारात. 2011 च्या तक्त्यात सहा धर्मांना 1 ते 6 क्रमांक होते, ख्रिस्ती 3. वेगळं काही सांगितलं तर ते अक्षरात लिहायचं, क्रमांक टाकायचा नाही. प्रगणक बहुधा शिक्षक, घाईत असतो. वळवी किंवा गावित आडनाव ऐकलं की न विचारताच आकडा भरतो. तो उठण्याआधी रकाना वाचून दाखवायला सांगा.

दाखल्याची काळजी नको. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही; जमातीचा रकानाही वेगळा. अनुसूचित जातीचं तसं नाही : 1950 च्या आदेशानुसार तो दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना. शिवाय 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार ही नोंद गोपनीय, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. जमातीचा दाखला तपासणारी पडताळणी समिती पाहते ते वडील-आजोबांचे शाळेचे दाखले आणि महसुली कागद. ते जपून ठेवा.